ऱ्हस्व-दीर्घाचा बंगला

‘घर पाहावं बांधून’ असं ज्यानं म्हटलं, त्यानं जमीन घेण्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. एक तर त्याला ती वडिलोपार्जित मिळाली असावी, नाहीतर म्हण रूढ होईपर्यंत त्याचा दावा निकाली निघाला नसावा. मी पुण्यात राहतो, त्यामुळे मला दुसरी शक्यता पटते.

आमच्या घराण्याला घर वाहून जाण्याचा अनुभव आहे, बांधण्याचा नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फोडलं आणि नारायण पेठेत नदीच्या अंगाला असलेलं आजोबांचं बिऱ्हाड मुठेनं नेलं. त्यात गेलेल्या तांब्याच्या बंबाची आठवण आजी शेवटपर्यंत काढायची. घर भाड्याचं होतं, बंब स्वतःचा होता. पुढच्या दोन पिढ्या ओनरशिपच्या फ्लॅटमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी मोरीखाली आणि कुणाच्या तरी डोक्यावर राहिल्या. पन्नाशी उलटल्यावर मला एकाएकी स्वतःच्या जमिनीवरचं घर हवंसं झालं. या वयात डॉक्टर चालायला सांगतात. मी प्लॉट बघत चालू लागलो.

माझा व्यवसाय सांगायला हवा, कारण पुढच्या सगळ्याला तोच जबाबदार आहे. मी मुद्रितशोधक. दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, सगळ्याची प्रूफं तपासतो. एखादं पान वाचलं की त्यातली प्रत्येक वेलांटी मला सांगता येते. मजकूर विचारू नका. घरात पैसा आणते ती बायको. ती बँकेत आहे. मी घरात शुद्धलेखन आणतो. तेव्हा जमिनीचे कागद वकिलाला दाखवावेत असं ती म्हणाली, त्यावर मी जे उत्तर दिलं ते आता घरातली लहान मुलंसुद्धा माझी नक्कल करताना म्हणून दाखवतात : “कागद वाचणं हा माझा धंदा आहे.”

सिंहगड रस्त्यानं धायरी फाटा ओलांडला की पाट्या सुरू होतात. रोड टच, डॅम टच, डोंगर टच. ज्याला काहीच टच नाही तो ‘निसर्गाच्या सान्निध्यात’. अशा एका पाटीखाली आम्हाला एजंट भेटला. पांढरा शर्ट, पांढरी गाडी, कपाळाला अष्टगंध. त्यानं आईला खाली वाकून नमस्कार केला आणि तिथंच निम्मा व्यवहार झाला. “काका, टायटल क्लिअर. सातबारा नावावर. रिंगरोड हितनंच जातोय. आज घ्या, वर्षानं तुम्हीच मला फोन करताल.” रिंगरोड मी कॉलेजात होतो तेव्हापासून कुठून ना कुठून जातोच आहे, पण त्या क्षणी तो मला दिसला. सिंहगडावर ढग होता. वारा होता. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, १,०८९ चौरस फूट. एजंटनं पावलं टाकून तो दाखवला. त्याची पावलं लांब होती. बायको नको नको म्हणत असताना मी विसार देऊन मोकळा झालो. (फोनचं त्याचं भाकीत खरं ठरलं. मी केला. त्यानं उचलला नाही.)

कागदांची चळत मात्र त्यानं लगेच दिली. सातबारा, आठ-अ आणि जुन्या फेरफारांच्या हातानं लिहिलेल्या नकला. मी रात्री दिवा लावून, लाल पेन घेऊन बसलो. काय अशुद्ध लिहितात हो! ‘दक्षीणेस ओढा’, ‘विहिर’, ‘सामाइक क्षेत्र’. दक्षिण ऱ्हस्व केली, विहीर दीर्घ केली, सामाईकची ई लांबवली. पहाटेपर्यंत चतुःसीमा स्वच्छ झाली. सकाळी बायकोला म्हणालो, “बघितलं सगळं. ठीक आहे.”

ती शांतपणे ती चळत पिशवीत घालून मला शिवाजीनगर कोर्टाजवळ एका वकीलबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी चष्मा लावला, दोन पानं उलटली आणि विचारलं, “हे लाल पेन कुणी केलं?”

मी विनयानं मान झुकवली.

“दक्षिणेला ओढा आहे हे तुम्ही शुद्ध केलंत. ओढा सरकला का त्यानं? त्याच्यापासून अंतर सोडावं लागेल, कल्पना आहे? आणि हे ‘सामाईक’. ई छान काढलीय. अर्थ बघितलात?”

अर्थ असा होता की मी एक गुंठा घेतच नव्हतो. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे दस्त सरळ होत नसत. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येई. म्हणून अकरा गुंठे अकरा जणांनी मिळून घ्यायचे आणि सातबाऱ्यावर अकरा नावं एकत्र चढवायची, अशी ती युक्ती. माझ्या वाट्याला अविभक्त हिस्सा. तो नेमका कुठं, हे कागदावर कुठंच नाही.

“पण त्यानं आम्हाला सिंहगड दिसतो तो कोपरा दाखवलाय,” मी म्हणालो.

“तो कोपरा त्यानं अकरा जणांना दाखवलाय.” मग त्यांनी चष्मा काढला. “तुम्ही शेतकरी आहात?”

गॅलरीत गवती चहा आहे, असं मी सांगितलं. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, हे त्यांनी सांगितलं. एजंटनं याच्यावरही तोड काढली होती. “काका, शेतकरी दाखला आपण करून घेऊ,” असं तो म्हणाला होता आणि मला त्यात फक्त ‘दाखला’ हा शब्द आश्वासक वाटला होता.

विसार परत मिळाला, नाही असं नाही. हप्त्यानं मिळाला, आणि प्रत्येक हप्त्याबरोबर एजंटनं एक नवीन प्लॉट दाखवला. त्यातला एक बावधनच्या बाजूला टेकडीच्या उतारावर होता. “काका, समोरचं हिरवं कधीच जाणार नाही, लिहून देतो.” हे त्याचं आजवरचं एकमेव खरं विधान. १९९७ साली महापालिकेत आलेल्या गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण आहे. पुण्यात त्याला सगळे बीडीपी म्हणतात. साडेनऊशे हेक्टरांहून जास्त टेकड्या त्यात आहेत. समोरचं हिरवं कायम राहणार होतं कारण तिथं बांधकामाला बंदी होती, आणि आमचा प्लॉटही त्याच हिरव्यात होता. जागा सरकारनं घेतली तर मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर मिळतो. आठ टक्के टीडीआरमध्ये पाच माणसं राहू शकत नाहीत. टेकडी वाचावी म्हणून मी कधीकाळी एका निवेदनावर सही केली होती, हे बायकोनं आठवण करून दिल्यावर मी तो विषय तिथंच थांबवला.

नदीकडचा एक स्वस्तात मिळत होता. पण आईनं निळी रेषा, लाल रेषा हे शब्द ऐकले आणि जेवण सोडलं. पूररेषा म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागत नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सुटलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत शिरलं, तेव्हा ती दिवसभर टीव्हीसमोर बसून होती. संध्याकाळी एवढंच म्हणाली, “बंब गेले असतील लोकांचे.”

शेवटी वकीलबाईंनीच तोडगा काढला. नऱ्ह्याच्या बाजूला, जुन्या मंजूर लेआउटमधला, रीतसर एनए झालेला दोन गुंठ्यांचा प्लॉट. ना डॅम टच, ना डोंगर टच. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसरीकडे एक घर. बाईंनी तीस वर्षांचा सर्च घेतला. पेपरात जाहीर नोटीस दिली, तिचं प्रूफ मला पाठवलं आणि फोनवर बजावलं, “फक्त वेलांट्या बघा, आकड्यांना हात लावू नका.” नोटीस वाचून विकणाऱ्यांच्या एक आत्या उगवल्या. त्यांचं हक्कसोडपत्र राहिलं होतं. माझ्या पद्धतीनं व्यवहार झाला असता तर या आत्या आम्हाला वास्तुशांतीच्या दिवशी भेटल्या असत्या. मुद्रांक शुल्क ७ टक्के, नोंदणीचे कमाल तीस हजार, हे सगळं बायकोनं भरलं आणि प्लॉट तिच्या नावावर झाला. मी साक्षीदार म्हणून सही केली. माझी सही दस्तातली सर्वांत सुवाच्य आहे.

मोजणी खरेदीच्या आधी करून घ्या, असं बाईंनी सांगितलं होतं. मी नंतर केली, कारण आधी पितृपक्ष आला आणि मग मी विसरलो. त्या दिवसाबद्दल सविस्तर सांगण्यासारखं आहे. भूमी अभिलेखचे भूकरमापक आले. मला वाटलं होतं साखळी घेऊन येतील. इंग्रजांनी १८३०च्या दशकात याच जिल्ह्यात, इंदापूरला, जमीन मोजून सारा ठरवायची जी पद्धत बसवली, तिच्यातली तेहतीस फुटी साखळी. तिचे सोळा आणे, आणि साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा. हे मी कुठल्याशा इतिहासाच्या पुस्तकाच्या प्रुफात वाचलं होतं आणि तिथं बोलून दाखवलं. भूकरमापकांनी “हो का” म्हणून काठीवर बसवलेला रोव्हर काढला. त्यांना सोळा आण्यांची गरज नव्हती, उपग्रह होता. ते काठी टेकवायचे, यंत्र बारीक वाजायचं, मदतनीस चुन्याची फक्की टाकायचा. पहिला कोपरा ठीक. दुसरा ठीक. तिसरा कोपरा शेजारच्यांच्या मोरीत निघाला.

शेजारच्या काकू तेव्हा त्या मोरीत भांडी घासत होत्या. भूकरमापकांनी काठी उंबऱ्यावर टेकवून धरली. यंत्र वाजलं. काकूंनी हातातली कढई तशीच ठेवून वर पाहिलं. मदतनिसानं चुना कुठं टाकायचा म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी गिरणीकडे पाहिलं. दीड फूट आत होती त्यांची भिंत. “तीस वर्षं आहे आमची मोरी,” काकू म्हणाल्या, आणि लगेच, “चहा घेणार ना सगळे?” आम्ही सगळ्यांनी आमच्याच जमिनीवर उभं राहून त्यांचा चहा घेतला. तो उत्तम होता. त्यात आलं होतं. मोजणीच्या ‘क’ प्रतीवर अतिक्रमणाची ती रेघ स्पष्ट आहे. चहा घेतल्यावर ती हलवायची कशी, हे मात्र त्या प्रतीत नाही.

बोअरचं थोडक्यात सांगतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच, शिवाजीनगरला आहे. तिथं भूगर्भशास्त्र शिकलेली माणसं बसतात. मी मेव्हण्यानं आणलेल्या पाणाड्याकडे गेलो. त्याच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला. माझ्या डोळ्यांदेखत राहिला, अजून सांगतो. तीनशे फुटांपर्यंत काळा पाषाण आणि धूळ निघाली. पाणाड्यानं शांतपणे सांगितलं की नारळ पाण्यावरच उभा राहिला होता, आम्ही मशीन एक हात बाजूला लावलं. आम्ही टँकरवर बांधकाम केलं.

आता ठेकेदार. तिघांकडून कोटेशन मागवलं. पहिल्यानं व्हॉट्सअॅपवर एक आकडा पाठवला, २,१०० रुपये फूट, आणि खाली हात जोडलेले. दुसरा म्हणजे मेव्हण्याचं घर बांधणारा मिस्त्री. त्यानं शाळेच्या वहीच्या पानावर दोन्ही बाजूंनी लिहून दिलं : ‘विट काम’, ‘पान्याची टाकी’, ‘गीलावा आतुन बाहेरून’. १,९५० रुपये. तिसऱ्याचं कोटेशन टाइप केलेलं होतं. ‘पाया ते जोते’, ‘वीटकाम’, ‘गिलावा (बाह्य व अंतर्गत)’, ‘जलरोधक प्रक्रिया’. अर्धविराम जिथल्या तिथं. ‘जलरोधक’ वाचून माझे डोळे पाणावले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी ठेकेदार भेटला होता ज्याला ‘अंतर्गत’ आणि ‘आंतरिक’ यांतला फरक माहीत होता. शिवाय दर १,८५०.

“मेव्हण्याच्या घराला सहा पावसाळे झाले, एक थेंब नाही,” बायको म्हणाली.

“वीट ऱ्हस्व लिहिणारा माणूस ती सरळ लावेल कशी?” मी म्हणालो. हे वाक्यही मुलं म्हणून दाखवतात.

करारातली प्रत्येक ओळ मी तपासली. हप्त्यांचं कोष्टक तर इतकं देखणं होतं की चौकटीत लावावं. जोत्याला अमुक, स्लॅबला तमुक. बेरीज बरोबर शंभर येत होती, तेवढं पाहिलं. स्लॅब पडेपर्यंत शंभरातले ऐंशी देऊन झालेले असतील, हे त्या कोष्टकात उघड लिहिलेलं होतं. लपवून ठेवायला त्या सज्जनानं काही केलेलंच नव्हतं. फूट म्हणजे बाहेरच्या कडेपासूनचा फूट, छज्जा आणि जिन्यासकट, हेही होतं. तळटीपेत. तळटीपेचं चिन्ह योग्य जागी होतं.

स्लॅबच्या दिवशी मात्र मजा आली. पहाटे मिक्सर-लिफ्ट आली, बिगाऱ्यांची टोळी आली, मुकादमानं नारळ फोडला आणि जे घमेल्यांचं चक्र सुरू झालं ते रात्री दिवे लावून थांबलं. ठेकेदार स्वतः इस्त्रीच्या कपड्यांत उभा होता. आरसीसी कन्सल्टंटनं सळ्यांखाली कव्हर ब्लॉक कमी आहेत म्हणून आवाज चढवला, तेव्हा त्यानं असं काही उत्तर दिलं की मला वही काढावीशी वाटली. दुसऱ्या दिवसापासून क्युरिंगचं काम माझ्याकडे. स्लॅबवर सिमेंटची आळी घालून पाणी साठवायचं. भारतीय मानक, आयएस ४५६, साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला दहा दिवस सांगतं. मी टँकरचं पाणी दोन वेळा घालत होतो आणि खालून ते थेंबथेंब पडत होतं. “मुरतंय,” ठेकेदार म्हणाला. “काँक्रीट पाणी पीत असतं.” मला ते पटलं. क्रियापद अचूक होतं.

मग तो गावाला गेला. आधी जत्रा, मग चुलतभावाचं लग्न, मग त्याचा फोन ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. घरात रेराची चर्चा सुरू झाली. वकीलबाईंनी थोडक्यात विषय मिटवला : रेरा विकणाऱ्या विकसकासाठी आहे, त्यातही ५०० चौरस मीटरहून मोठी जमीन आणि आठाहून जास्त सदनिका असतील तर नोंदणीची सक्ती; स्वतःच्या दोन गुंठ्यांवर ठेकेदार लावणाऱ्यासाठी ग्राहक आयोग आहे. तिथं द्यायच्या तक्रारीचा मसुदा मी केला. बाईंनी तो न वाचताच बाजूला ठेवला आणि स्वतः एक लिहिला. त्यात दोन चुका होत्या. मी बोललो नाही. प्रकरण चालू आहे.

पुढचं घर ‘पान्याची टाकी’वाल्या मिस्त्रीनं पुरं केलं. तो आला तेव्हा आधी बोललाच नाही. खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि भिंतीभर टकटक करत फिरला. जिथं गिलावा पोकळ वाजला तिथं कोळशानं फुली मारली. दिवाणखान्याच्या भिंतीवर त्या दिवशी जेवढ्या खुणा झाल्या तेवढ्या मी एका पानावर कधी केलेल्या नाहीत. शेवटी जुनं कोटेशन त्यानं मागून घेतलं आणि बराच वेळ धरून बसला.

“कागद लई झ्याक हाय,” तो म्हणाला. “मला आसला जमत न्हाय.”

त्या मायन्याचं कोडं नंतर सुटलं. ठेकेदाराची पुतणी मराठी घेऊन एमए करत होती. कोटेशनं ती टाइप करून द्यायची. मुलगी गुणी आहे, माझ्याकडे कामाला आली तर मी आजही घेईन.

आम्ही राहायला आलो आहोत. जोते तपासणी झाली होती, भोगवटापत्राचा अर्ज महापालिकेत आहे. शेजारच्या काकूंची मोरी होती तिथंच आहे. सकाळी भांड्यांचा आवाज येतो आणि अधूनमधून चहा येतो. आईनं तांब्याचा बंब आणून अंगणात ठेवलाय, तो कुणाला पेटवता येत नाही. मिस्त्रीनं भिंती ठीक केल्या, पण स्लॅबच्या बाबतीत तो हात वर करतो, कारण तो स्लॅब त्याचा नाही. गेल्या पावसाळ्यात देवघरावर आणि माझ्या टेबलावर गळलं. माझं टेबल हलवलं, देव हलवता येत नाहीत.

तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या ओळखीत भरवशाचा वॉटरप्रूफिंगवाला असेल तर मृगाच्या आत कळवावं. त्यानं आधी ज्याचं काम केलंय त्याचं छत आमची ही ऐन पावसात जाऊन बघेल. कोटेशन तोंडी चालेल.